माझ्या नावाचा उंबरा

"अक्का, झालं का गं?"

माझ्या धाकट्या भावानं, भरतेशनं, दाराबाहेरून तिसऱ्यांदा विचारलं. आत झालं-बिलं काहीच नव्हतं. मी नुसती खुर्चीत बसून दाराच्या कडीकडे बघत होते. साधी पितळेची कडी, बाजारात कुठंही मिळते तसली. पण ती मी लावली होती. आतून, माझ्या हातानं.

स्कूटरच्या अपघातात माझं कमरेखालचं अंग गेलं, त्याला तेव्हा दहा वर्षं होऊन गेली होती. त्या आधी मी हायस्कुलात चित्रकला शिकवायचे, पोरं मला टरकून असायची. अपघातानंतर मी घरी चित्रकलेचे क्लास घेऊ लागले, आणि पोरं तशीच टरकून राहिली. बाकी सगळं मात्र बदललं. बाथरूमला जायचं तर भरतेशनं मला उचलून उंबऱ्याच्या आत ठेवायचं, मग आईनं बघायचं, आई गेल्यावर वहिनीनं. दार लोटलेलं असायचं, कडी नसायची. कारण मी पडले तर? अक्काला वेळ लागतो, हे घरी आलेल्या पाहुण्यांनाही तोंडपाठ झालं होतं.

"अक्का? पडलीस का काय? दार तोडू?"

"गप बस रे!" मी आतून ओरडले. "बाईमाणूस बाथरूममध्ये आहे. तेवढी तरी लाज राख."

बाहेर गवंडी खो खो हसले. मी कडी काढली, दार बाजूला सरकवलं आणि माझी मी खुर्ची ढकलत बाहेर आले. भरतेश भिंतीला टेकून उभा होता. दारासारखा उंच माणूस, सिमेंटनं माखलेल्या बाहीनं डोळे पुसत होता.

"काय झालं रे रडायला?" मी विचारलं.

"कुठं रडतोय? धूळ गेली," तो म्हणाला. मग आपणहूनच म्हणाला, "कडी लावलीस अक्का तू."

ती नमुन्याची खोली होती. इचलकरंजीच्या बाहेर नदीकडच्या रस्त्याला एका ट्रस्टचं नवं हॉस्पिटल उभं राहत होतं. त्याच्या प्रमुख डॉ. शिरगुप्पेबाई, हाडांच्या डॉक्टर. माझ्या पाठीचं ऑपरेशन त्यांनीच केलं होतं. एक दिवस त्या स्वतः घरी आल्या.

"पद्मजाताई, मी पाय कापते, पाय जोडते," त्या चहा पिता पिता म्हणाल्या. "पण माणसं दुखण्यापेक्षा लाजेनं जास्त खचतात, ते मी रोज बघते. बाथरूमला न्या म्हणायचीसुद्धा त्यांना चोरी. नव्या हॉस्पिटलातल्या खोल्या कशा पाहिजेत ते तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल तशा बांधून घेते."

"मी काय इंजिनिअर आहे?"

"इंजिनिअर तुमच्या घरातच आहे की. भरतेशला काम देतेय मी."

भरतेशचं ते पहिलंच मोठं काम. तोवर त्यानं बंगले आणि यंत्रमागांच्या शेड बांधल्या होत्या. त्या रात्री तो जेवला नाही, नुसता अंगणात फेऱ्या मारत होता. मी मात्र कागद-पेन्सिल काढली आणि बसले.

मला फार काही नको होतं. माझी एकच गोष्ट होती आणि ती सांगून सांगून मी सगळ्यांना वात आणला होता. पेशंटला कुणाला हाक न मारता बाथरूमला जाता आलं पाहिजे आणि आतून कडी लावता आली पाहिजे. त्यासाठी पलंग खुर्चीच्या उंचीचा हवा, म्हणजे अंग सरकवत खुर्चीत येता येतं. दार सरकतं हवं. धरायची दांडी हाताला लागेल अशी. आत माणूस पडलाच तर घंटीची दोरी जमिनीपर्यंत लोंबती हवी, कारण पडलेल्या माणसाचा हात भिंतीवरच्या बटणापर्यंत पोचत नाही, हे मला अनुभवानं माहीत होतं. आणि दाराला उंबरा नको.

या उंबऱ्यावरून बरीच गंमत झाली. आमच्याकडे उंबऱ्याशिवाय दार म्हणजे कपाळाला कुंकू नसल्यासारखं. गवंडी बाबू तर हटूनच बसला.

"उंबरा न्हाई तर पाणी काय भाईर यून पेशंटसंगं झोपणार हाय व्हय?"

भरतेशनंच त्याला समजावलं. बाथरूमची जमीन खोलीपेक्षा थोडी खाली घ्यायची, कोपऱ्याकडे उतार द्यायचा, म्हणजे पाणी बाहेर येत नाही. खोली तयार झाल्यावर त्यानं बादल्याच्या बादल्या ओतून दाखवल्या. मी दारात खुर्ची लावून बघत होते. पाणी दारापर्यंत आलं, थबकलं आणि मागं वळून जाळीकडे गेलं. भरतेशनं शीळ घातली. बाबूनं डोक्यावरची टोपी काढून परत घातली आणि म्हणाला, "बरं हाय म्हनायचं."

त्याच दिवशी मी कडी लावून बघितली.

पुढं वर्षभर वरच्या दोन मजल्यांचं काम चाललं. पेशंटच्या सगळ्या खोल्या तिथंच होत्या, खालच्या मजल्यावर ही नमुन्याची एकच. मी दर पंधरा दिवसांनी म्हणायचे, मला वर ने, आणि भरतेशकडे दर वेळी नवं कारण तयार असायचं. वर धूळ आहे, तुझा दमा उठेल. लिफ्ट बसली नाही. उचलून नेलं असतं गं, पण जिन्याला अजून कठडा नाही.

"अगदी खालच्यासारखंच करतोयस ना?" मी विचारायचे.

"अक्का, तुझ्या शब्दाबाहेर गेलोय का मी कधी?"

नव्हता गेला, हे खरंच होतं. याच्या गळ्यात हात टाकून मी दहा वर्षं जिने चढले, देवळात गेले, लग्नाकार्याला गेले. बाहुबलीच्या डोंगराच्या सगळ्या पायऱ्या यानं मला पाठुंगळी घेऊन चढवल्या, वर पोचल्यावर धापा टाकत हसला होता. त्याच्यावर संशय घ्यायचा म्हणजे स्वतःच्या हातावर संशय घ्यायचा. मी तो घेतला नाही.

उद्घाटनाच्या दिवशी मी आईची इरकल नेसले. प्रमुख पाहुणे एक निवृत्त न्यायमूर्ती होते, पुण्याहून यायचे होते. कार्यक्रम असा ठरला होता की फीत कापून झाली की पाहुण्यांना नमुन्याची खोली दाखवायची, आणि ती मी दाखवायची. माझी मी आत जाऊन, कडी लावून, बाहेर येऊन. भरतेशनं नवीन जाकीट शिवलं होतं. येईल त्याला सांगत होता, "सगळं अक्काच्या डोक्यातनं निघालंय. मी नुसता गवंडी."

पाहुण्यांची गाडी उशिरा येणार असा निरोप आला. मांडवात सनई लागली होती, माणसं चहाकडे पळाली आणि मी एकटी लिफ्टसमोर राहिले. लिफ्ट चालू होती. बटणं खाली, खुर्चीतून हात पोचेल अशा उंचीवर. तीही मीच सांगितली होती. मी दाबलं बटण.

जुन्या हॉस्पिटलातले पेशंट आठवड्याभरापूर्वीच वर हलवले होते. दुसऱ्या मजल्यावर एका खोलीचं दार उघडं दिसलं, मी आत गेले. पलंग माझ्या खुर्चीच्या उंचीचा. खिडकी खाली, पडल्या पडल्या रस्ता दिसेल अशी. माझं मन भरून आलं, खोटं कशाला बोलू. मग मी बाथरूमकडे वळले, दार सरकवलं, खुर्ची पुढं ढकलली आणि पुढची चाकं कशावर तरी आपटून थांबली.

काळ्या ग्रॅनाइटचा उंबरा. चांगला चार बोटं उंच, कडा घासून गुळगुळीत केलेला. आणि त्याच्या पलीकडची जमीन खोलीपेक्षा खाली नव्हती, वर होती.

मी खुर्ची मागं घेतली आणि पुन्हा ढकलली. का, कोण जाणे. उंबरा काय हलणार होता?

"न्हाई जायाची ती," पलंगावरून आवाज आला. "मी बी बघिटलंय करून."

पन्नाशीची बाई होती. साखरेच्या आजारानं गुडघ्याखालचा पाय काढलेला, हौसाबाई नाव. मागावर सुताच्या कांड्या भरायला जायची, तिनंच सांगितलं.

"मग तुम्ही कसं जाता?" मी विचारलं.

"कुनी आलं तर जाती. सून सांजंला येती, शिफ्ट सुटल्यावर. नर्सबाईला किती येळा हाक मारायची? ती बी मानूसच हाय. म्हून मी पानीच पीत न्हाई."

उशाजवळ तांब्या होता, वर फुलपात्र पालथं घातलेलं. ओठ पांढरे पडले होते बाईचे.

"डागदर वरडत्यात पानी प्या, पानी प्या," ती म्हणाली. "आता ह्यो उंबरा कुठं ठावं हाय त्येस्नी? अन् मला सांगित्यात, तुमच्यासारख्याच एका खुर्चीवरच्या बाईनं बघून दिलंय सगळं. तिनंच म्हनं उंबरा घाला म्हनून सांगितलं." तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "तिला कसं कळलं न्हाई वो? तिला बी पाय न्हाईत की."

मी खुर्ची वळवली आणि खाली आले.

लिफ्टच्या तोंडाशीच शिरगुप्पेबाई भेटल्या, हातात तबक घेतलेलं.

"अहो, तुम्हाला शोधतेय! पाहुणे पोचतीलच."

"बाई, वरचे उंबरे कुणी घालायला सांगितले?"

त्या गोंधळल्या. "म्हणजे? तुम्हीच ना? भरतेश म्हणाले, अक्काचं मत बदललंय. पाणी बाहेर आलं तर पेशंट घसरून पडतील, तेव्हा उंबरा पाहिजेच, असं तुम्ही म्हणालात. मला पटलं नव्हतं खरं सांगायचं तर. पण तुम्हीच म्हणताय म्हटल्यावर मी कोण बोलणार? दोन पायांवर चालणारी बाई मी."

भरतेश पलीकडून येतच होता, हातात झेंडूची माळ. आमचे चेहरे बघून त्याची पावलं मंदावली. बाईंना कुणीतरी हाक मारली, त्या गेल्या.

"वर गेलीस?" त्यानं विचारलं.

"मी कधी सांगितलं रे उंबरा घाल म्हणून?"

त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि माझ्या खुर्चीपाशी उकिडवा बसला. "अक्का, आज नको. पाया पडतो तुझ्या. घरी गेल्यावर वाटेल ते बोल."

"कधी सांगितलं मी?"

"स्लॅब टाकताना बाथरूमचा भाग खाली घ्यायचा राहिला," तो हलक्या आवाजात म्हणाला. "माझ्याच हातनं. एका मागोमाग एक दोन्ही मजले ओतून झाले आणि मग ध्यानात आलं. आता नळ्या स्लॅबच्या वरनं घेतल्या की जमीन वर आली, जमीन वर आली की पाणी अडवायला उंबरा आला. फोडायला गेलो असतो तर सगळ्या गावानं तोंडात शेण घातलं असतं. पहिलंच काम गं माझं."

"मग बाईंना खरं सांगायचंस."

"काम काढून घेतलं असतं त्यांनी. तुझं नाव घेतलं की कुणी काही विचारत नाही, अक्का. तुला किती मानतात सगळी." हे त्यानं अगदी कौतुकानं सांगितलं. "आणि तुला कधी वेळ आलीच तर खालची खोली आहे की. नाहीतर मी आहेच उचलायला."

"आणि हौसाबाईला?"

"कोण हौसाबाई?"

मांडवात टाळ्या वाजल्या. पाहुणे आले होते.

फीत कापली, नारळ फुटला, फोटो निघाले. न्यायमूर्ती सत्तरीच्या पुढचे, मऊ बोलणारे गृहस्थ होते. सगळा घोळका नमुन्याच्या खोलीत शिरला. मी पलंगावरून खुर्चीत आले, खुर्ची ढकलत बाथरूममध्ये गेले, दार सरकवलं आणि कडी लावली. बाहेर टाळ्या झाल्या.

मी आतच बसले. वर्षापूर्वी याच कडीकडे बघत बसले होते. तेव्हा मला वाटलं होतं की दाराबाहेरचा हा माणूस माझ्याइतकाच खूश आहे. होताही असेल. पण मी कशानं खूश आहे ते त्याला कळलंच नव्हतं. दहा वर्षं मला उचलून त्याला एवढंच कळलं होतं, की उचलणारा असला म्हणजे झालं.

"अक्का, झालं का गं?" बाहेरून आवाज आला. हसरा, पाहुण्यांसाठीचा आवाज. मग दाराशी तोंड आणून, फक्त मला ऐकू येईल असा, "अक्का, माझी अब्रू तुझ्या हातात आहे."

मी कडी काढली.

"साहेब," बाहेर आल्या आल्या मी म्हणाले, "ही खोली नुसती दाखवायची आहे. पेशंट वर राहतात. वरची एक खोली बघू या."

लिफ्टच्या दोन फेऱ्या झाल्या. हौसाबाई एवढी माणसं बघून बावरली आणि तिनं चादर वर ओढली. मी खुर्ची उंबऱ्यापाशी नेली आणि चाकं आपटवून दाखवली, दोनदा.

"हे असं का?" न्यायमूर्तींनी विचारलं. "खाली तर वेगळं होतं."

"ते भरतेश सांगेल," मी म्हणाले.

मला खरंच वाटलं होतं की तो सांगेल. इतकी वर्षं ज्याच्या अंगाचा वास माझ्या ओळखीचा, तो माझ्या समोर, माझ्या डोळ्यांत बघून दुसरं काही बोलू शकेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

भरतेशनं घाम पुसला. मग तो हसला.

"साहेब, हे अक्कानंच सांगितलंय," तो म्हणाला. "पाणी बाहेर येऊन माणूस घसरायला नको म्हणून."

"मी असं कधीही सांगितलेलं नाही," मी म्हणाले.

"सांगितलंस की अक्का." तो माझ्याजवळ आला आणि त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. आवाज इतका मायेचा की मलाच क्षणभर शंका आली. न्यायमूर्तींकडे वळून तो म्हणाला, "औषधं भारी आहेत तिची. त्यानं विसरायला होतं हल्ली. आम्ही घरचे मनावर घेत नाही."

सगळ्यांनी मान हलवली. किती समजूतदारपणे हलवली! न्यायमूर्ती खाली वाकून म्हणाले, "काही हरकत नाही ताई. तुमचा हेतू चांगलाच होता." मी शिरगुप्पेबाईंकडे बघितलं. माझी औषधं त्याच लिहून द्यायच्या. कोणत्या गोळीनं काय होतं ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. त्या तबकातल्या कुंकवाकडे बघत होत्या.

"आपण खाली जाऊ या," त्या म्हणाल्या. "जेवणं खोळंबलीत."

घोळका निघून गेला. भरतेश रेंगाळला.

"चल अक्का."

"तू हो पुढं. लिफ्ट मला चालवता येते."

तो गेल्यावर हौसाबाईनं चादर खाली केली. मला वाटलं ती चिडेल. ती नुसती बघत राहिली.

"तुमीच व्हय त्या?"

"मीच. पण उंबरा माझा नव्हे, बाई."

"त्ये कळलं मला. मघाशी तोंड उतरलं तुमचं, तवाच कळलं." थोडं थांबून तिनं विचारलं, "मग त्या मानसानं तुमचं नाव कसं घ्यावं? त्येचा काय अधिकार?"

"तो माझा भाऊ आहे," मी म्हणाले.

मी तांब्यातलं पाणी फुलपात्रात ओतून तिच्यापुढं धरलं आणि म्हणाले, प्या, तुम्हाला बाथरूमला न्यायला माणूस येईपर्यंत मी इथून हलत नाही. ती घटाघटा प्यायली. मी तिच्या उशाजवळची घंटीची दोरी ओढली आणि कुणी येईपर्यंत ओढत राहिले.

खाली आले तेव्हा मांडव रिकामा व्हायला लागला होता. भरतेशनं गाडी दारापाशी आणली, मागचं दार उघडलं आणि नेहमीसारखा माझ्यापुढं वाकला. मला घरी जायचं होतं आणि दुसरी गाडी नव्हती. माझे हात सवयीनं वर गेले, त्याच्या मानेपर्यंत गेले. तिथून मी ते खाली घेतले आणि मांडीवर ठेवले.

त्यानं मला उचललं. दहा वर्षांत पहिल्यांदा त्याला माझं वजन लागलं. तो झोकांडला, माझा पाय दाराला घासला, इरकलीचा काठ फाटला.

"अक्का, पडशील. धर की मला," तो म्हणाला.

मी धरलं नाही.